परवाना माझ्या नावावर

बाटलीतून चहा निघाला, त्या दिवशी मला कळलं की फडताळात उरलेली प्रेमाची दवाही संपली.

सुरुवात खोकल्यानं झाली. गावाबाहेर रोजगार हमीवर खडी फुटत होती आणि तिची धूळ सरकारनं फुकट, जात-पात न बघता घरोघर पोचवली होती. प्रेमा गेल्यापासून माझ्या खोकल्याची विचारपूस करणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून तो निवांत मुक्कामाला राहिला. शेवटी भिंतीपलीकडून खाजाभाई टेलर ओरडले, "अप्पा, तुमच्या खोकल्यानं माझी शिलाई वाकडी चाललीय! भाभीची ती दवा असंल की घरात. गरम पाण्यात चमचाभर घ्या आन् आमाला जगू द्या."

दवा म्हणजे ब्रँडी. खाजाभाई पाच वेळा नमाज पढणारा माणूस, तो शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हता. खरं तर आमच्याही घरात बसत नव्हता. आम्ही लिंगायत. अंड्याचं टरफल उंबऱ्यात सापडलं तर माझ्या थोरल्या बहिणीनं आढ्यापासून घर धुवून काढलं असतं. पण प्रेमाचं काळीज कमजोर झालं, तिची झोप उडाली, आणि जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, झोपताना एक चमचा द्या. ब्रँडी पाहिजे तर परवाना पाहिजे. परवाना पाहिजे तर दारूबंदीच्या ऑफिसात जायचं. ज्यांनी बंद केली त्यांच्याकडंच मागायची, अशी सोय होती.

डॉक्टर दाखल्यावर प्रेमाचं नाव लिहायला लागले तसा मी त्यांचा हात धरला. लिंगायताच्या बाईच्या नावावर दारूचा परवाना? गावात राहायचं होतं आम्हाला. म्हणालो, "साहेब, माझं नाव घाला." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. दोन हातांत दोन दुधाचे कॅन उचलणारा माणूस मी. पण ते भले होते. त्यांनी लिहिलं की वीरप्पा यांचं हृदय अशक्त आहे. त्या दिवसापासून सरकारदरबारी मी आजारी आणि प्रेमा ठणठणीत. तिला लई हसू आलं होतं. म्हणाली, "दुखणं तुमच्या नावावर केलंच हाय, तर तेवढं घ्या की माझ्याकडून."

सरकारी कागदाला एवढी ताकद नव्हती. प्रेमा गेली. परवान्याची मुदतही नंतर संपली, आणि ती वाढवून घ्यायला मी काही गेलो नाही. अर्ध्याच्या आत-बाहेर राहिलेली बाटली फडताळात हळदीच्या डब्यामागं होती तिथंच राहिली. मी तिला हात लावला नाही.

खोकल्याच्या दिवशी लावला. चमचाभर काढून गरम पाण्यात घातली, प्यालो, आणि थांबलो. गोड लागलं. वर वेलदोडा.

आता माझा धंदा सांगितला पाहिजे. मी गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध तपासून घेतो. काचेची कांडी दुधात सोडायची, ती किती बुडते ते बघायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायचं, "विहीर का हातपंप?" वीस वर्षांत गावातला एकही पाण्याचा थेंब माझ्या नजरेतून सुटला नाही. दुष्काळाच्या त्या वर्षी तर पाणी इतकं दुर्मिळ झालं होतं की दुधात घालायला कुणाला परवडत नव्हतं, आणि आमची संस्था शुद्ध दुधासाठी तालुक्यात नावाजली. त्या मी, वीरप्पानं, स्वतःच्या फडताळात दिवाळीपासून चहा सांभाळला होता.

घरात माणसं दोन. एक मी. त्यामुळं तपास लांबला नाही.

"मल्लू, ह्यात काय हाय?"

"चहा."

"आधी काय होतं?"

मल्लू म्हणजे मल्लिनाथ, माझा मुलगा. सतरा वर्षांचं पोर, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली, ओठावर मिशी येऊ का नको असं विचारत असलेली.

"एकदम काढलीस का थोडी थोडी?"

"थोडी थोडी. जेवढी काढली तेवढा चहा घातला."

खोटं बोलला नाही आणि माप चुकवलं नाही. दूध संस्थेत असं गिऱ्हाईक मिळालं तर मी त्याला सभासद करून घेतो. पण बाप म्हणून काय करायचं ते मला सुचेना. आमच्या घरात रागवायचं खातं प्रेमाकडं होतं. ती रागवायची, मी कोपऱ्यात पेपर वाचायचो. आता पेपर होता.

मला खरी धास्ती एकाच गोष्टीची होती. मल्लूनं मास्तर व्हावं ही प्रेमाची इच्छा. मार्क बरे पडतील असं पोर म्हणत होतं, जुलैत डी.एड.ची मुलाखत होती. डी.एड. झालं की नोकरी ठरलेली. गावात दुसरं काय होतं? खडी. आणि खडीवरून सुटलेली पोरं संध्याकाळी देशीच्या दुकानापुढं रांगेत उभी असायची. दुकानावर पाटी होती, 'अल्पवयीनांस मद्य विकले जाणार नाही'. त्या पाटीखाली बापानं पाठवलेली दहा-दहा वर्षांची पोरं बाटल्या घेऊन जायची. पाटी वाचता येत होती त्यांना. शाळा चांगली होती आमची.

मल्लू त्या रांगेत जायच्या आत त्याला एकदा घाबरवावं, एवढाच माझा बेत होता. मी ही चूक केली की बेत तीन माणसांना सांगितला.

पहिली माझी थोरली बहीण, मालनअक्का. तिचं घर लोहाऱ्याला, पण वाईट बातमी असली की एस.टी. तिला वेळेवर मिळते. आली, पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "स्वामींना बोलवा. पोराला नव्यानं लिंग बांधा." मग तिच्या ध्यानात आलं. "पर मी म्हंते, बाटली घरात आलीच कशी?"

मल्लूनं माझ्याकडं बघितलं. मी हळदीच्या डब्याकडं.

"माझी हाय," मी म्हणालो. "डॉक्टरनं सांगितली होती."

अक्का मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "तरीच! तरीच प्रेमा एवढी खंगली. कुणाला बोलली न्हाय बिचारी."

मेलेल्या बायकोची अब्रू राखायला जावं तर आपण तिला मारल्याचा आरोप येतो. मी खोकलो.

खाजाभाईंचं मत निराळं. "छोकरा हाय अप्पा. जाने दो. मीठ-भाकरी खाऊन चार दिस गप बसंल." हा गावात मिळालेला एकमेव शहाणा सल्ला होता, म्हणून मी तो बाजूला ठेवला.

मानला कुणाचा? तर संस्थेचे चेअरमन नानासाहेब यांचा. नानासाहेब सल्ला देताना डोळे मिटतात. "वीरप्पा, असल्या पोराला एकच औषध. ठाण्यात न्या. केस न्हाय, काय न्हाय. नुसतं बाकावर बसवा. जमादार माझा माणूस हाय. दोन शिव्या घालील, पट्टा आपटंल. पोरगं जन्मात बाटलीकडं बघणार न्हाय. माझ्या पुतण्याला असंच सरळ केलं."

त्यांचा पुतण्या कसा सरळ चालतो ते गावानं दर संध्याकाळी बघितलेलं आहे. तरी मी मल्लूला घेऊन गेलो. पुरावा म्हणून बाटली पिशवीत घेतली. आणि आपण कायदा पाळणारा माणूस आहोत हे दिसावं म्हणून जुना परवानाही खिशात ठेवला. इतका सज्ज होऊन कुणी आरोपी ठाण्यात गेला नसेल.

नानासाहेबांचा जमादार पाण्याच्या टँकरच्या बंदोबस्ताला गेला होता. खुर्चीवर नवे फौजदार बसले होते. तरुण, नाकासमोर बघणारे, टेबलावर कायद्याची पुस्तकं. प्रामाणिक अधिकारी आपल्या भागात कधीमधी येतो, आणि आला की तो दुसऱ्या कुणाला सापडत नाही, मला सापडतो.

"काय तक्रार?"

"तक्रार न्हाय साहेब. पोरगं थोडं प्यालं. तुम्ही नुसता दम द्या."

"दम द्यायची तरतूद कायद्यात नाही," ते म्हणाले. "वय?"

"सतरा."

"काय प्याला?"

मी मोठ्या ऐटीत पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली.

"कुणाची?"

"माझी. परवाना हाय की," असं म्हणून मी तोही ठेवला. त्यांनी तो नीट वाचला. आयुष्यात माझा कुठलाही कागद कुणी इतका नीट वाचला नव्हता.

"मुदत संपलीय. म्हणजे विनापरवाना बाळगली. ठेवत कुठं होता? कुलपात?"

"फडताळात. हळदीच्या डब्यामागं."

"म्हणजे पोराच्या हाताला येईल अशी." त्यांनी कागद ओढला. "बाळगल्याची केस तुमच्यावर. प्यायल्याची त्याच्यावर."

"साहेब, लहान पोरगं हाय ते!"

"दारू प्यायला लहान आहे. पण मुलांच्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत. सतराव्या वर्षी तो मोठा. मोठ्यांच्याच कोर्टात उभा राहील."

तेव्हाचा कायदा तसा होता. प्यायचं म्हटलं की लहान, पकडायचं म्हटलं की मोठा. म्हशीचं पारडूसुद्धा असं एका दमात दोन वयाचं नसतं.

"आणि परवाना तुमच्या नावावर आहे," फौजदार म्हणाले. "हृदय अशक्त. पीत होता तुम्हीच ना?"

इथं मी तोंड उघडलं होतं. खरं सांगणार होतो. मग डॉक्टरांची सही दिसली. माझी बायको प्यायची म्हटलं, तर मी खोटं सांगून परवाना काढला, आणि त्या भल्या माणसानं खोटा दाखला दिला. नवे फौजदार दम देत नव्हते, पण पानं उलटायला त्यांना कंटाळा नव्हता.

"मीच," म्हणालो.

मल्लूनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि परत खाली घातली.

त्यानंतर कायदा आपल्या पायांनी चालायला लागला. मल्लूला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला सरळ रेघेवर चालवलं, जीभ बघितली, तोंडाचा वास घेतला आणि लिहिलं, 'कांद्याचा वास'. शेवटचा घोट त्यानं कधी घेतला होता कुणास ठाऊक, पण कांदा सकाळचा होता. मग पंचनामा. घरी येऊन फडताळ मोजलं, हळदीच्या डब्याची जागा लिहून घेतली. पंच म्हणून खाजाभाईंना बोलावलं. बाटली कापडात शिवून लाख लावायची होती आणि ठाण्यातलं पांढरं कापड संपलं होतं. खाजाभाईंनी घरून कापड आणलं. पाटलाच्या सुनेच्या पोलक्यातलं उरलेलं, गुलाबी फुलांचं. त्यांनी बाटलीला असं बेताचं आंगडं शिवलं की फौजदारसुद्धा क्षणभर बघत राहिले.

"आतमधी चहा हाय साहेब," खाजाभाई दोरा तोडत म्हणाले. "दिवाळीचा. आंबला असंल आता."

"ते प्रयोगशाळा ठरवील."

दिवाळीचा चहा गुलाबी फुलांच्या आंगड्यात, सात ठिकाणी लाख लावून, पोलिसाच्या मांडीवर बसून सरकारी प्रयोगशाळेकडं गेला. आमच्या गावातून इतक्या मानानं कुणी बाहेर गेलं नव्हतं. आम्हा बापलेकांना जामिनावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत आबाराव गवळ्यानं कॅन पुढं सरकवला. मी कांडी सोडली.

"बघा अप्पा बराबर," तो म्हणाला. "चहा तर न्हाय ना?"

सगळी रांग हसली. त्या दिवशी त्याच्या दुधात पाणी होतं. मी पास केलं. तोंड राहिलं नव्हतं.

नानासाहेबांनी मला बोलावलं, डोळे मिटले. "वीरप्पा, संस्थेच्या अब्रूचा प्रश्न हाय. थोडे दिवस रजेवर बसा."

"नाना, तुम्हीच म्हणालात ठाण्यात न्या."

"मी म्हणालो बसवा. तुम्ही नोंद करून आलात." डोळे उघडले. "आन् वीरप्पा, प्यायची व्हती तर सांगायचं की. आपल्याकडं बसला असता."

माझ्या जागी त्यांचा मेहुणा बसला. तो कांडी दुधात सोडायचा आणि छताकडं बघायचा. दुष्काळात गावाचं दूध अचानक वाढलं.

देशीच्या दुकानाचे मालकही वाटेत भेटले, तळमळीनं म्हणाले, "अप्पा, पोराला आमच्याकडं पाठवला असता तर हे झालंच नसतं. आमच्या गिऱ्हाइकावर आजवर एक केस न्हाय." आणि ते खरं होतं. रांगेतली पोरं रोज राजरोस बाटल्या नेत होती. अख्ख्या पंचक्रोशीत अल्पवयीन दारूची केस एकच झाली, ती चहाची.

आमचे वकील उस्मानाबादला कोर्टासमोर पत्र्याखाली बसायचे. मल्लिकार्जुन त्यांचं नाव, ओळखीचे निघाले. सगळं ऐकून त्यांनी इतक्या आनंदानं हात चोळले की मला वाटलं सुटलो.

"सुटलात! पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. वासाला कांदा. बाटलीत चहा. प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला की शंभर टक्के निर्दोष."

"कधी येईल?"

"दुष्काळ आहे, माणसं कमी आहेत. दोन वर्षं धरा."

"मुलाखत जुलैत हाय. तिथं लिहून द्यायचं असतं, कोर्टात प्रकरण चालू हाय का म्हणून."

वकिलांचे हात थांबले. त्यांनी पुस्तक काढलं, ठेवलं, चहा मागवला. मी चहाकडं बघितलं नाही.

"मग एकच वाट," ते म्हणाले. "गुन्हा कबूल करा. पोराचं वय एकविसाच्या आत आहे. पहिला गुन्हा. कोर्ट शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. तशी सुटका झाली तर त्या गुन्ह्याचा डाग पुढं नोकरीला आडवा येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. तुम्हाला मात्र ती सवलत मिळेल असं नाही. तुम्ही मोठे."

म्हणजे निर्दोष ठरायला दोन वर्षं लागणार होती आणि गुन्हेगार एका सकाळीत होता येत होतं. गरीब माणसाला परवडेल अशी एवढी एकच गोष्ट कोर्टात होती. मी हो म्हणालो.

"कबूल करताना एक ध्यानात ठेवा," वकील म्हणाले. "ब्रँडी तुमच्याच प्रकृतीसाठी होती. बायकोचं नाव तोंडातून काढाल तर परवाना खोटा ठरेल, आणि मग ह्याच्यापेक्षा मोठं प्रकरण. बाईंना ह्यात आणू नका."

मी म्हणालो, "ती कशात येणार आहे आता?"

तारखेच्या दिवशी एस.टी.त आम्ही तिघं. मी, मल्लू आणि खाजाभाई. खाजाभाई कशाला? तर हमीपत्रावर एक जामीन लागतो, स्वच्छ चारित्र्याचा, ठाव-ठिकाणा असलेला. तो मान बापाचा. पण बाप त्याच केसमध्ये आरोपी नंबर एक. अक्काला विचारावं तर तिनं माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. नानासाहेबांना अचानक कारखान्याची मीटिंग निघाली. खाजाभाईंना मी विचारलंसुद्धा नव्हतं. सकाळी ते इस्त्रीची टोपी घालून स्टँडवर उभे होते.

"शरिफा रात्री भांडली," एस.टी.त ते बायकोचं सांगायला लागले. "म्हणाली, जन्मात वास घेतला न्हाय आन् दारूच्या केसमधी जमानत? मशिदीत काय सांगणार? म्या म्हटलं, सांगतो की चहाची केस हाय." मग मल्लूकडं वळून, "मल्लू, एक साल सरळ चाल रे बाबा. तू वाकडा गेलास तर मला आत टाकतेत. मशीन कोण चालवणार? तुझा बाप? तो तर सुईत दोरा ओवताना खोकत बसंल."

मल्लू पहिल्यांदा हसला. मग हसणं गिळलं.

कोर्टात आमचा पुकारा झाला. न्यायाधीश वयस्क होते, थकलेले. समोर पडलेल्या कागदांत पाण्याची भांडणं, बांधाची भांडणं, टँकर अडवल्याची प्रकरणं. दारूची केस आली तेव्हा त्यांनी सवयीनं नाक मुरडलं.

"गुन्हा कबूल आहे?"

"हाय साहेब," मी म्हणालो.

"बाटली कशासाठी ठेवली होती?"

"माझ्या प्रकृतीसाठी."

त्यांनी मला पायापासून वर बघितलं. मी जमेल तेवढा अशक्त उभा राहिलो.

"मुदत संपल्यावरही?"

"व्हय."

"घरात वयात येणारं पोर असताना बाटली उघड्यावर ठेवायची आणि मग त्यालाच ठाण्यात आणून उभं करायचं. बाप आहात की कोण आहात?"

ह्यावर उत्तर अपेक्षित नसतं असं वकिलांनी नंतर सांगितलं. पण मी तेव्हा खरोखर शोधत होतो.

मग मल्लूकडं वळले. आवाज जरा उतरला. "कबूल आहे?"

"हो सर." आमच्यातला तो एकटाच सर म्हणाला, मास्तर व्हायचं होतं त्याला.

"का प्यालास? मित्रांनी शिकवलं?"

"न्हाय सर. एकटाच प्यालो."

"मग का?"

"झोप येत नव्हती."

"झोप येत नाही म्हणून दारू? हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय. ह्यानं झोप लागती हे माहीत होतं. घरात बघितलं होतं."

"कुणाला बघितलं होतं?"

वकील खोकले. माझाही खोकला यायला हवा होता, पण महिनाभर न बोलावता येणारा तो नेमका त्या वेळी आला नाही. मल्लूनं कठड्याचं लाकूड धरलं. त्याची आई खाटेवर उशीला टेकून चमचा तोंडाला लावायची आणि हळूहळू तिचा श्वास लांब व्हायचा, ते मलाही दिसायला लागलं. एक शब्द. तो बोलला असता तर खरं बोलला असता.

"अप्पांना," मल्लू म्हणाला.

न्यायाधीशांनी माझ्याकडं असं बघितलं की दूध नासलं असतं.

मल्लिनाथला एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. जामीन, खाजाभाई. त्यांनी सही उर्दूत केली, कारकून म्हणाला मराठीत करा, त्यांनी मराठीत केली, मग कारकून म्हणाला दोन्ही कशा चालतील. नवा कागद आणावा लागला. मला दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.

कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं बेड्या घालतील. मी खाजाभाईंच्या हातात घड्याळ आणि चष्मा दिला. शिपाई म्हणाला, "अहो, बसा त्या बाकावर. साहेब उठले की घरी जा." म्हणजे नानासाहेबांनी मल्लूसाठी सांगितलेलं औषध शेवटी मलाच मिळालं. नुसतं बाकावर बसवणं.

खाजाभाई दुपारच्या नमाजाला गेले. मल्लूला मी म्हणालो, "तू बाहेर बस, काहीतरी खा. तू सुटलास." तो गेला नाही. माझ्या शेजारी येऊन बसला. समोर बांधाच्या भांडणातला एक म्हातारा न्यायाधीशांना सांगत होता की बांध त्याचाच आहे पण सरकला आहे. बांध कसा सरकतो, असं न्यायाधीश विचारत होते.

"अप्पा," मल्लू हळूच म्हणाला.

"बोलू नको. कैद चालू हाय."

"मी तुमचं नाव घेतलं."

"वकिलानं सांगितलंच होतं तसं."

"मला सांगितलं नव्हतं."

मी म्हाताऱ्याच्या बांधाकडं लक्ष दिलं. पंखा फिरत होता, वारा लागत नव्हता. मल्लू परत म्हणाला, "एक विचारू? आई गेल्यावर ती बाटली तुम्ही ठेवली कशाला? प्रकृतीसाठी न्हाय, मला माहीत हाय. फेकून का न्हाय दिली?"

बाटली कुणाची ते फौजदारांनी विचारलं होतं, कशासाठी ठेवली ते न्यायाधीशांनी. दोघांना मी तयार उत्तर दिलं होतं आणि ते दोन्हीकडं चाललं. इथं ते चालणार नव्हतं.

"घरी गेल्यावर सांगतो," मी म्हणालो.

कोर्ट उठलं. आम्ही गर्दीच्या एस.टी.नं उभ्यानं घरी आलो. घरी शरिफाबींनी भाकरी पाठवली होती, ती खाल्ली. मल्लू दमला होता, लवकर झोपला. चांगला झोपला. त्याला उठवायला नको म्हटलं.

जुलैत मुलाखत झाली. डी.एड.ला त्याचं नाव लागलं. मी संस्थेत परत कांडी धरली. नानासाहेबांच्या मेहुण्याच्या काळात सरकारनं दुधाचा टँकर परत पाठवला होता, त्यामुळं माझी अब्रू काही दिवसांत आपोआप भरून आली. खाजाभाईंच्या हमीचं वर्षही सरळ गेलं. अक्का अजून माझ्या हातचं पाणी पीत नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट आलेला नाही.

मल्लू आता सुट्टीला येतो, जेवतो, दोन दिवस राहतो, जातो. त्यानं परत विचारलं नाही. मी अजून सांगितलेलं नाही.